ऑर्विल मामांनी काढलेला सिनेमा

माझे मामा ऑर्विल पेटिफर्ड इंडियानातल्या आमच्या नदीकाठच्या गावात फोटोग्राफर होते. आम्हा काळ्यांच्या वस्तीतलं एकही लग्न त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय पार पडायचं नाही. "श्वास घेतलास तर याद राख!" असा दम भरून ते एकेकाला खांबासारखं उभं करायचे.

१९१६ च्या वसंतात गावच्या थिएटरात एक तीन तासांचा मूकपट लागला. देशभर त्याचाच बोलबाला होता. त्यात बुरखे घातलेले गोरे घोडेस्वार शूरवीर, आणि आमची माणसं म्हणजे जनावरं. तीही बहुतेक तोंडाला काळं फासलेले गोरे नटच. तो बंद करावा म्हणून आमच्या चर्चनं सह्या गोळा करून नगराध्यक्षांना अर्ज दिला. ते म्हणाले, "आवडत नसेल तर बघू नका."

मामा मात्र बघायला निघाले.

"चुलीत घाला तो सिनेमा!" लव्हिनिया मामी कडाडली. "शिव्या खायला तिकीट काढून जाताय?"

"शिवी कशी दिलीय, ते तरी बघून येतो."

आमच्या लोकांना सगळ्यात वरच्या सज्ज्यात बसवायचे. तिथून बघून मामा परत आले. पुढ्यातला तळलेला मासा गार झाला.

"लव्हिनिया," शेवटी ते म्हणाले, "टाकाऊ असता ना, तर मी सुखानं झोपलो असतो. पण काय कॅमेरा चालवलाय त्या माणसानं! घोडे अंगावर येतात. खाली लोक उभे राहून टाळ्या पिटत होते. एकदा तर माझेही हात वर गेले गं. मग ध्यानात आलं, घोडे कुणाच्या मागे लागलेत ते."

मामीनं गार झालेलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मग तुम्हाला कुणी अडवलंय? कॅमेरा धरता येतो ना तुम्हाला? आपली माणसं दाखवा. आहेत तशी."

मामांनी घोडा आणि बग्गी देऊन त्या बदल्यात शिकागोहून सिनेमाचा एक जुना कॅमेरा आणला. त्यानंतर मामी दर रविवारी चर्चला पायी जाताना ऐकवायची, "कलावंताची बायको आहे मी. चालणारच!"

जूनमध्ये चर्चची वनभोजनाची सहल होती. सगळे ठेवणीतले कपडे घालून आले. मामांनी कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला सुरुवात केली आणि सगळी मंडळी श्वास रोखून ताठ उभी राहिली!

"हला! अरे हला ना!" मामा ओरडले.

चर्चचे कारभारी अँब्रोज टॉलिव्हर ओठ न हलवता पुटपुटले, "वीस वर्षं तुम्हीच दम दिलात, ऑर्विल. आता कसं हलायचं?"

पुढे चर्चच्या तळघरात चादर टांगून आम्ही ते रीळ पाहिलं. चाळीस पुतळे, आणि त्यांच्यामधून आरामात फिरणारं एक कुत्रं. मूकपटाला साथ म्हणून मी पियानोवर होते. हसून हसून माझी बोटं चालेनात. मामा मात्र डोकं धरून बसले होते.

उपाय मामीनं काढला. पुढच्या सहलीला तिनं जाहीर केलं, "कारभारी मंडळी विरुद्ध भजनातल्या बायका, धावण्याची शर्यत! जिंकेल त्याला माझा केक!" मामीच्या केकसाठी आमच्या गावात भावाभावांत अबोला धरला जायचा. तिनं स्वतःच घागरा खोचला आणि धूम ठोकली. कॅमेऱ्याची आठवण कुणाला राहते! पाद्रीबाबांचा बूट निसटला, तो हातात घेऊन ते तसेच पळाले. टॉलिव्हर तर सरबताच्या पिंपावरच जाऊन आदळले. मामांना इतकं हसू येत होतं की मधलं चित्र चांगलंच थरथरतं.

मग त्यांनी सुईणीला जुळ्या बाळांना न्हाऊ घालताना टिपलं, शाळेत बाईंना फळ्यावर गणित सोडवताना टिपलं. सगळं मिळून अकरा मिनिटं झाली. पहिल्या खेळाला तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पडद्याकडे बघून आपापल्या नावानं हाका मारत होते. कोणीतरी ओरडलं, "पळ, लव्हिनिया, पळ!" पहिल्या रांगेतून मामी उत्तरली, "पळतेच आहे रे, दम धर!"

तो मोठा सिनेमा काही थांबला नाही. पुन्हा पुन्हा आला, थिएटर भरतच राहिलं. पुढे तर तसे बुरखे घालून खरोखरची गोरी माणसं, आम्हाला धाक घालत, आमच्या राज्यातल्या रस्त्यांवरून मिरवू लागली. अकरा मिनिटांनी ते कुठून थांबणार? मामांनाही ते ठाऊक होतं. तरी ते चादर आणि रीळ घेऊन नदीकाठच्या गावागावांतल्या आमच्या चर्चमध्ये जायचे, मी पियानो वाजवायला सोबत.

एका गावी एक म्हातारी खेळ संपल्यावर जागची उठेना. "पडद्यावर कुणी मला भीती घातली नाही, असं अख्ख्या जन्मात आज पहिल्यांदाच झालं," ती म्हणाली. "पुन्हा लावा की."

मामांनी रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं.