रोडगे उलटताना

गोवऱ्यांच्या धुराने मी पुन्हा कन्हानच्या काठावर पोचते. लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता. सौंसरहून आम्ही जंगलात मुक्कामाला गेलो, नदीकाठी तंबू ठोकला. सासरे लाकडं आणायला गेले, ते अंधारून आलं तरी परतले नाहीत. सासूबाई मात्र गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांवर, कणकेचे रोडगे भाजत बसलेल्या. “येऊन राह्यले ते,” म्हणत तेच रोडगे पुन्हापुन्हा उलटत होत्या. ही बाई इतकी निवांत कशी, याचा मला राग आला. सासरे आले तोवर रोडग्यांचा कोळसा झाला होता. त्यांनी करपलेली साल खरडून ते खाल्ले.

आज लेक त्याच जंगलातून परतायची आहे. तिचा फोन लागत नाही. मी अंगणात रोडगे भाजतेय.

“जळून राह्यले ना वं,” नवरा म्हणाला.

“येऊन राह्यली पोरगी,” मी म्हटलं.