मागच्या दाराचा अलार्म

पोलीस अधिकारी आयुष्यभर सत्याच्या शोधात असतो, असं निरोप समारंभात सांगण्याची पद्धत आहे. माझ्याही निरोपाला दोघांनी सांगितलं आणि मी गंभीरपणे मान डोलावली. पण सत्य म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजही येतात ती अळूची पानं, आणि त्यांच्यामुळे सुटलेलं एक प्रकरण.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. शहर मात्र वाढायचं थांबत नव्हतं. वाळूजच्या बाजूला नव्या कॉलन्या उठत होत्या. नळाला पाणी आठवड्यातून एकदा आणि दुपारी भारनियमन. माझ्या हद्दीतल्या अशाच एका कॉलनीत पुढे बंगल्यांची रांग होती आणि मागे, एका भिंतीपलीकडे, कामगारांच्या भाड्याच्या खोल्या. बंगलेवाल्यांच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त अभियंते होते. बोअरचं पाणी खोल चाललं म्हणून ते भाडेकरूंना द्यायचं नाही, असा ठराव त्यांनी एकमतानं मंजूर करून घेतला होता.

दुपारच्या घरफोड्या वाढल्यावर अध्यक्षांनी घराच्या दोन्ही दारांना चोरीचा अलार्म बसवला. रोज दुपारी ते सोसायटीच्या कार्यालयात जात आणि पत्नी घरात झोपलेली असे, म्हणून जाताना तो चालू करत. वीज जाऊन परत आली की अलार्म उगाचच बोंबलायचा आणि थोड्या वेळानं आपोआप गप्प व्हायचा. पहिल्यांदा आमची जीप गेली, दुसऱ्यांदा हवालदार सायकलवर गेला, पुढे कोणीच गेलं नाही. अखेर अध्यक्षांनी, वीज गेली तरी यंत्र चालू ठेवणारी, त्याची बॅटरी बदलून घेतली. तरीही वीज आली की अलार्म वाजतच राहिला. यंत्रात दोष उरलेला नाही, म्हणजे कोणीतरी दार उघडतंय, असं अनुमान त्यांनी काढलं. ते बरोबर होतं. दार उघडणारा चोरच असणार, हे त्यांनी पदरचं घातलं.

एका दुपारी ते कार्यालयात न जाता गल्लीत दबा धरून बसले. वीज आली, अलार्म वाजला. अध्यक्ष घरामागे धावले, तर भिंतीवरून त्यांच्या अंगणात वाकलेला एक तरुण हाती लागला. सोसायटीच्या चार सभासदांसह त्याला ठाण्यात आणून त्यांनी फिर्याद घ्यायला सांगितलं.

तरुण सिल्लोडकडचा. एका कारखान्यात रात्रपाळीला होता आणि लवकरच कायम होणार होता. त्यासाठी लागणारा चारित्र्याचा दाखला आमच्याच ठाण्यातून जायचा होता. गुन्हा नोंदला की दाखला गेला, आणि दाखल्याबरोबर नोकरी. हे त्याला पुरतं माहीत होतं. अध्यक्षांना बाहेर बसवून मी त्याला आत घेतलं.

"भिंतीवर काय करत होतास?"

"म्या चोर नाय, साहेब."

"ते विचारलं नाही मी."

"मंग बाकीचं सांगता येत नाय. शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेच तर सांगायचं नाय."

हवालदार म्हणाला, "साहेब, हा एक तर पक्का चोर हाय, नाय तर पक्का येडा."

धमकीनं असली माणसं आणखी मिटतात. मी घरचं विचारायला लागलो. बायको बाळंतीण होती. पहिली खेप.

"मग माहेरी नाही गेली?" पहिलं बाळंतपण माहेरी, याला आमच्याकडे सहसा अपवाद नसतो.

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तिच्या गावात टँकर येतो, साहेब. आला तर. लेकराची दुपटी कशात धुवायची?"

"आणि इथं कशात धुता?"

"शब्द दिलाय, साहेब," तो पुन्हा म्हणाला.

दोन पंच घेऊन मी बंगल्यावर गेलो. पुढच्या बागेत गुलाबांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. मागे मात्र, भिंतीच्या पायथ्याशी, हिरवंगार अळू माजलं होतं. पान न् पान ताटाएवढं. अळूला पायाशी सतत ओल लागते. अध्यक्षांना अळूवडी आवडत असेलही, पण ते घराच्या मागे कधी फिरकत नसावेत.

मागच्या दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

"काकू, अळू छान आलंय."

"पाइप जुना आहे. जोडातून गळतो," त्या म्हणाल्या. "सोडलंत का त्या पोराला?"

"तो काही बोलतच नाही."

"कसा बोलेल? मीच शपथ घातलीय. यांचा ठराव आहे ना! पंखा फिरला की वीज आली समजायचं. मोटर लावते, दार उघडते, भिंतीवरून पाइप देते. आज पाइप आणायला आत वळले, तेवढ्यात यांनी त्याला धरलं. अलार्म काय, वीज आली की बोंबलतोच मेला."

"बॅटरी बदलल्यापासून तो तुम्ही दार उघडता म्हणून वाजतो."

"बदलली? मला कोण सांगतंय? तो बंद करायचे आकडेसुद्धा यांच्याजवळच."

मी म्हणालो, "साहेबांना बाजूला घेऊन समजावतो."

"काही नको," म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि स्वतःच जीपमध्ये जाऊन बसल्या.

ठाण्यात, सगळ्यांसमोर, त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, चोर मी आहे. बाळंतिणीला पाणी देते. आता माझ्यावर लिहा फिर्याद."

"अगं, पण ठराव..." अध्यक्ष म्हणाले.

"ठरावात बाळंतीण कुठं आहे ते दाखवा मला."

 तेवढ्यात बाकावरचा एक सभासद खाकरला. "अध्यक्ष, मागच्या खोल्यांना आमच्याकडूनही थोडं जातं." दुसरा म्हणाला, "आमची हीसुद्धा देते." उरलेले दोघे बोलले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. ठराव एकमतानं झाला होता. मोडलाही एकमतानंच जात होता. अध्यक्षांना तेवढं कळवायचं राहून गेलं होतं.

 मग अध्यक्ष त्या तरुणाला म्हणाले, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी हाय, साहेब."

"भिंतीवर चढू नकोस. पडलास तर त्यांच्याकडे कोण बघेल?"

फिर्याद नोंदलीच गेली नाही.

माणसं लपवतात ते वाईट काम, या हिशेबानं आमचं खातं चालतं आणि बहुतेक वेळा तो हिशेब चुकतही नाही. पण त्या वर्षी एक अख्खी गल्ली एकमेकांपासून चोरून भलं वागत होती. तेव्हापासून कोणी बोलत नसलं, की तो स्वतःला वाचवतोय की दुसऱ्याला, एवढं मी आधी बघू लागलो.

तरुणाचा दाखला कारखान्याकडे रवाना झाला आणि तो कायम झाला. अध्यक्षांनी अलार्मवाल्याला बोलावून मागच्या दाराची तार काढून टाकायला सांगितली. त्यानं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले, त्या बाजूला चोरण्यासारखं काही नाही.