टाकीशेजारची शनिवारची शाळा

वार्डात बातमी अशी होती, की पौर्णिमा गजभिये मॅडमचं डोकं फिरलं. दर शनिवारी संध्याकाळी पाचला ती गच्चीवर चढते आणि पाण्याच्या टाकीशी इंग्रजीत बोलते. बातमी शेजारच्या तुळसाबाईंची. ती त्यांच्याच सुरात ऐकावी: "टाकी थोडी जवाब देते माय! तरी हे मान हालवून राह्यली, हसून राह्यली!"

खरी गोष्ट अशी, की त्या घरात मोबाइलला नेटवर्क फक्त टाकीपाशी मिळायचं. आणि मॅडम बोलत नव्हतीच. आठ महिने तिच्या तोंडून तिथे एक शब्द निघाला नव्हता. रडगाणं तेच होतं.

पौर्णिमा खैरलांजीकडच्या एका खेड्यात, सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. सकाळची बस, एक खोली, तीन वर्ग, बासष्ट पोरं. इंग्रजी शिकवणारी ती एकटी. आजचा तास जमला का फसला, हे तिला विचारणारं कोणी नाही. हेडमास्तर हेमराज सर नाकातून विचारतात ते एवढंच, "मॅडम, कोर्स कहाँ तक पहुँचा?"

म्हणून शनिवारची ती ऑनलाइन चर्चा तिला जिवापाड प्यारी. बारा शिक्षक, नऊ देश. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशा पोरांना इंग्रजी शिकवणारे सगळे. चर्चा चालवायची ब्राझीलची लुसिआना. आपल्याकडे ऊन उतरायला लागलेलं असतं तेव्हा तिच्या हातात सकाळची कॉफी. ती प्रत्येकाला विचारायची, या आठवड्यात वर्गात काय झालं? ते ऐकायला पौर्णिमा आठवडाभर थांबायची. स्वतः मात्र माइक बंद, कॅमेरा बंद. मांडीवरच्या कागदावर वाक्य लिहायची, खोडायची, परत लिहायची. वाक्य पक्कं होईस्तोवर चर्चा दोन देश पुढे निघून गेलेली. मग चॅटमध्ये "गुड पॉइंट" टाकून ती खाली उतरायची.

पण तिथे नियम होता. वर्षातून एकदा प्रत्येकानं दहा मिनिटं आपली शिकवायची रीत सांगायची. दोनदा टाळलं तर माफ. तिसऱ्यांदा टाळलं, तर जागा रांगेतल्या दुसऱ्या कोणाला. पौर्णिमानं एकदा ताप कळवला होता, एकदा लाइट. आता जानेवारीतला दुसरा शनिवार उरला होता.

तिच्या भावाची पोरगी, म्हणजे मी, घरात सगळ्यांच्या नकला करते. लुसिआनाचं हसू, हेमराज सरांचं नाक, आणि आत्याचं इंग्रजीसुद्धा: आधी दोन खोकले, मग तीनदा "आय थिंक". घर लोटपोट. आत्याही हसली. दुसऱ्या दिवशी तिचा कागद पाहिला. तिन्ही "आय थिंक" खोडलेले होते.

माफी मागायला गेले आणि तोंडातून भलतंच निघालं. "आत्या, तू माइक खोलणारच नाही. लाव पैज."

"अन् खोलला तर?"

"तू म्हणशील ते."

"मंग माझ्या शाळेत येऊन पाच मिनिटं बोलशील. इंग्रजीत. अन् तुझ्या आवाजात बरं, कोणाच्याही नाही."

"हौ. मंजूर."

त्या शनिवारी कागदावर सगळं लिहिलेलं होतं. पैज बघायला मीही गच्चीच्या जिन्यात बसले होते. लुसिआनानं नाव घेतलं. पौर्णिमाचं बोट माइकवर गेलं आणि तिथेच राहिलं. मोबाइलवरच्या चौकोनांतली माणसं वाट पाहत होती. तिला वाटलं, लाइट गेली म्हणावं. पण टाकीवर ऊन लख्ख पडलं होतं, आणि लाइट गेल्यानं मोबाइल बंद पडत नाही, हे आता ब्राझीललाही कळलं असणार.

तिनं माइक उघडला. दोन खोकले. मग कागदावरचं वाचायला लागली.

रीत तिची स्वतःची होती. धानाच्या रोवण्यात, म्हणजे भाताची रोपं लावताना, बाया एका ओळीत, वाकून, मागे मागे सरकत जातात. तिची आईही तशीच जायची. वर्गात पोरं समोरासमोर दोन ओळींत उभी राहतात. एकानं विचारायचं, समोरच्यानं सांगायचं, दोघांनी एक पाऊल मागे. अंतर वाढतं तसा आवाज आपोआप चढतो. लाजायला जागाच उरत नाही.

करून दाखवायला तिनं कॅमेराही उघडला, मोबाइल कठड्यावर टेकवला आणि आज काय रांधलं, हे इंग्रजीत विचारलं. एक पाऊल मागे. पुन्हा विचारलं. आणखी एक. चौथ्या पावलाला पाठ टाकीला लागली, आणि आवाज असा निघाला, की शेजारच्या गच्चीवर पापड गोळा करणाऱ्या तुळसाबाई ताठ झाल्या.

"काय वं पौर्णिमा, मले पुसून राह्यली का?"

हे कागदावर नव्हतं. पौर्णिमा तिथूनच ओरडली, "हौ काकू, तुम्हालेच! आज काय रांधलं?"

"भात अन् लाखोरीची भाजी! पाठवू का वाटीभर?"

लुसिआना कॉफी ठेवून पुढे सरकली. ही कोण? काय म्हणाली? लाखोरी म्हणजे काय?

कागद कठड्याशी राहिला होता आणि पौर्णिमा टाकीशी. ती तिथूनच सांगत सुटली: तुळसाबाई, धानामागून त्याच शेतात येणारी लाखोरी, रोवणा, मागच्या बाकावरची मुकी पोरं सहाव्या पावलाला कशी बोलतात ते. "आय थिंक" मी मोजले, अकरा. कोणी हसलं नाही. दहाची सतरा मिनिटं झाली. शेवटी तुर्कस्तानचे सर म्हणाले, सोमवारी मी माझी पोरं मैदानात उभी करतो.

आत्याची जागा टिकली. तुळसाबाईंनी बातमी बदलली: टाकीत खरंच कोणीतरी आहे, अन् त्याले लाखोरी आवडते.

मला सोमवारी खैरलांजीच्या बसमध्ये बसावं लागलं. ओळीत माझ्यासमोर पाचवीतली सीता. मी हेमराज सरांचं नाक लावायला गेले, तर आत्यानं डोळे वटारले. मग माझा आवाज काढला. दुसऱ्याच पावलाला तो कुठे गेला कोण जाणे.

"दीदी," सीता पलीकडून ओरडली, "जोरानं बोल ना वं! काहीच आयकू नाही येऊन राह्यलं!"