मामांचं पाऊल आणि तीन फुटी रोटाव्हेटर

वाशीच्या दुकानातून रोटाव्हेटर दाखवायला आणणार होते, त्या शुक्रवारी मी सकाळी नऊच्या आत शेताकडं तीन चकरा मारल्या. आमचं रान ईट गावच्या शिवेला लागून, तीन एकर. सोयाबीन निघालं होतं. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हायचा आणि बोट लावलं की सुटायचा. यालाच आम्ही वाफसा म्हणतो. तो चार दिवस टिकतो, फार तर पाच. तेवढ्यात रान तयार झालं तर हरभरा पेरायचा, नाहीतर वर्षभर ढेकळं बघत बसायचं.

यंदा मात्र गोष्ट ढेकळांवर थांबणार नव्हती. भाड्याचा ट्रॅक्टरवाला मोठी रानं उरकून सगळ्यात शेवटी आमच्याकडं यायचा आणि तोवर ओल उडालेली असायची. अशी तीन वर्षं गेल्यावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सरळ सांगून टाकलं होतं. रविवारपर्यंत रान पेरणीजोगं झालं तर शेती तू कर, नाही झालं तर मी ते बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याला देतो. बटईनं मागणारा भावकीतलाच होता आणि रोज चहाच्या वेळेला बरोबर हजर व्हायचा. नवरा पुण्याला कंपनीत. तो फोनवर माझ्याशी बोलताना माझ्या बाजूनं बोलायचा आणि मामांशी बोलताना मामांच्या. मला ते रान स्वतः करायचं होतं. बारा वर्षं मी त्यात खुरपलं, वेचलं, काढलं, पण यंदा काय पेरायचं, असं मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

छोटा ट्रॅक्टर घरात होता. अठरा एचपीचा, फवारणीला आणि माल वाहायला घेतलेला. तो चालवायला मी शिकले होते आणि खरं सांगायचं तर त्याचा मला गर्वही झाला होता. राहिला होता फक्त त्याच्या मागं लावून माती बारीक करायचा रोटाव्हेटर. महिनाभर मोबाइलवर मी दुसरं काही पाहिलं नाही. पाती किती, बाजूला चेन की गिअर, कोणत्या गाडीला किती फुटी, सगळं तोंडपाठ झालं. पीठ मळता मळता मी पात्यांचा विचार करायचे. अनुदानाचा अर्जही भरला होता, पण सोडतीत नाव निघेपर्यंत वाफसा थोडाच थांबणार होता? शिलाईचे साठवलेले पैसे होते, त्यात बसेल ते घ्यायचं मी ठरवलं.

सल्ला द्यायला अख्खं गाव तयार होतं. आमच्याकडं अवजार नवरदेवासारखं पाहतात, आधी उंची आणि रुंदी. पाच फुटी घ्या, निदान चार फुटी तरी घ्या, असं जो तो सांगायचा. ईटला रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान असलेले एक चाचा आहेत. त्यांच्याकडं एका द्राक्षवाल्यानं परत केलेला तीन फुटी पडून होता, रंग उडालेला, पाती झिजलेली. चाचा म्हणाले होते, हाच न्या. मला रागच आला होता. बाईमाणूस म्हणून मला खेळणं देतात की काय, असं वाटलं आणि मी तिथून तडक निघून आले.

तर शुक्रवारी चार फुटी आला. नवाकोरा, लालभडक. दुकानाचा माणूस स्वतः आमच्या ट्रॅक्टरवर बसला आणि त्यानं बांधाच्या कडेनं एक पट्टा मारला. मागं बघते तर मातीचं पीठ झालेलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच पट्ट्याचे फोटो काढून नवऱ्याला पाठवले. बांधावर जमलेले लोकही माना डोलवत होते. पैसे थोडे कमी पडत होते, पण कानातलं मोडायची माझी मनातून तयारी झाली होती.

तेवढ्यात मामा आले. त्यांनी चपला बांधावर काढल्या आणि पट्ट्यात उतरले. रान तयार आहे की नाही हे ते पहिल्यापासून असंच पाहतात. अनवाणी चालायचं आणि पाऊल कुठवर रुततं ते बघायचं. घोट्यापर्यंत गेलं तर पेरा, नाही गेलं तर परत कुळवाची पाळी घाला. त्यांचं पाऊल बोटं बुडेपर्यंत गेलं आणि थांबलं. ते पुढं चालले, तिथंही तेच.

"वरून पीठ हाय," ते म्हणाले, "खाली फरशी हाय."

मी दुकानाच्या माणसाला म्हटलं, जरा खाली घ्या. तो आढेवेढे घेत होता, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्यानं अवजाराची लिफ्ट खाली सोडली, गाडी धापा टाकू लागली, धूर सोडू लागली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तर पुढची चाकं वर उचलली गेली. म्हणजे चार फुटी आमच्या छोट्या गाडीला झेपतच नव्हता आणि पहिला पट्टा त्यानं अवजार अधांतरी धरून, नुसती वरची माती खरवडून मारला होता. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. महिनाभर अभ्यास करून मी शेवटी रंगाला भुलले होते.

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर घेऊन मी ईटला गेले. चाचांनी मला टोमणा मारला नाही, हे त्यांचे उपकार. तो तीन फुटी घेते, पण नवी पाती बसवून द्या, म्हणून मी घासाघीस केली आणि ते कबूल झाले. अवजार बसवताना मात्र त्यांनी एक गंमत केली. ते मधोमध न लावता उजव्या अंगाला सरकवून लावलं. गाडीची चाकं तीन फुटांच्या बाहेर पडतात, त्यामुळं मधोमध लावलं तर दोन्ही चाकांचे पट्टे तसेच राहतात. सरकवलं की निदान उजव्या चाकाचा पट्टा पुसला जातो. डाव्याचं काय, असं मी विचारलं. "ते चालवनाऱ्याच्या हातात हाय, ताई," एवढंच ते म्हणाले.

रानात आल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि अवजार पुरतं खाली सोडलं. गाडी घुमली, पण थांबली नाही. सुपारीएवढी ढेकळं राहत होती, दिसायला काही खास नाही. तरी अंगावर काटा आला माझ्या. टोकाला गेले, वळले आणि शेजारून परत आले. असे चार पट्टे झाल्यावर मामा चपला काढून उतरले. पाऊल घोट्यापर्यंत गेलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच ते पुढच्या पावलाला अडखळले. डावं चाक येताना तयार मातीवरूनच येत होतं आणि ती दाबून टाकत होतं. एकाआड एक पट्टा घट्ट झाला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उरलेल्या दोन दिवसांतला अर्धा दिवस तर गेलाच होता. मामा वाकून त्या खुणा न्याहाळत होते. जन्मात कधी त्यांनी स्टिअरिंग धरलेलं नाही. पण हे रान घ्यायच्या आधी वीस वर्षं त्यांनी लोकांच्या शेतात सालगडी म्हणून काम केलं होतं, लोकांचे नांगर धरले होते.

"लोखंडी नांगर माती एकाच अंगाला टाकतो," ते म्हणाले. "तवा आमी जाऊन-येऊन नांगरत न्हवतो. गोल फिरत व्हतो. तू बी बांधापासनं धर, डाव्या हातालाच वळ आन् आत आत ये."

मी करून पाहिलं. आता डावं चाक कायम न मोडलेल्या रानावरून चालत होतं आणि पुढच्या फेरीला त्याची खूण आपसूक पुसली जात होती. मी हसायलाच लागले. मामा बांधावरून हातानं वळणं दाखवत होते, मी गाडीवरून हो हो म्हणत होते, आणि इंजिनच्या आवाजात दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी दीड एकर झालं. रविवारी चार वाजता शेवटची फेरी मारून मी उतरले, तेव्हा भूक अशी लागली होती की काही विचारू नका.

घरी आले तर बटईवाला ओट्यावर येऊन बसलेला. जय भीम झालं, चहा झाला. मग त्यानं मामांना विचारलं, काय ठरलं तुमचं?

मामांचे पाय पोटरीपर्यंत मातीनं भरलेले होते. ते बशीतला चहा पीत राहिले.

"मला काय इचारता," ते म्हणाले. "रानाची मालकीण ती हाय. तिला इचारा."

त्या माणसानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "काय वहिनी, देता का रान?"

मी त्याची रिकामी कपबशी उचलली.  मग मी त्याला सांगितलं की नाही, यंदा मी हरभरा पेरणार आहे.