गुंतवळ

माझी मान अजून डावीकडं कललेली आहे. कारण कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही, चारचौघांत बोलायची सवयच राहिली नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

मी चौथीत होते तेव्हा मला ताप आला होता. आई उसाच्या लागणीत गुंतलेली, माझे केस कितीतरी दिवस कुणी विंचरले नाहीत. मागं एक गाठ बसली. आई मला इंदापूरकडच्या एका देवऋषिणीकडं घेऊन गेली. तिनं गाठ चाचपली आणि म्हणाली, "जट आलीया. फणी लावशीला तर घर बसंल." मग त्या गाठीत तेल आणि भंडारा चोळला. डोक्याला पाणी लावायचं नाही, देवीच्या पोरीनं शाळेच्या बाकावर बसायचं नाही, हेही तिनंच ठरवलं. माझी शाळा तिथं संपली. पुढं स्थळंही आली नाहीत. जट कमरेखाली गेली आणि तिच्या ओझ्यानं मान वाकली.

अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या एक बाई बारामतीहून आमच्या पिंपळीत आल्या, तोवर माझं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्या सांगत होत्या की असं काम देशोदेशी चालतं, कुठं बायकांना चेटकीण म्हणून मारतात, तिथंही कुणीतरी आडवं उभं राहतं. मला त्यातलं एवढंच नीट कळलं, की तेल, भंडारा आणि न विंचरणं, एवढ्यावर कुणाच्याही डोक्यात जट होते. त्यांनी आमच्या ओसरीवर बसून कात्रीनं ती कापली. घर बसलं नाही. उलट त्या वर्षी गाईला कालवड झाली.

जाताना बाई म्हणाल्या, त्या देवऋषिणीवर राग धरू नका, समजूत वाईट असते, माणूस नाही. त्या शिकलेल्या आहेत. मी राग धरला.

यंदा माझ्या भाचीला कांजिण्या आल्या. कांजिण्यांत आमच्याकडं डोक्याला फणी लावत नाहीत. अंगावरच्या खपल्या गेल्या, पण केसांत गाठ राहिली. भावजय म्हणाली, मंगळवारी हिला देवऋषिणीकडं नेते, ती म्हणेल तसं करू. भाऊ उसाला पाणी द्यायला निघून गेला. पोरगी चौथीत आहे, मी शाळा सोडली त्याच वयाची. मी म्हटलं, मीपण येते. भावजयीला बरं वाटलं. तिनं पिशवीत नारळ ठेवला, मी माझ्या पिशवीत तेलाची बाटली आणि फणी ठेवली.

देवऋषिणीच्या ओट्यावर बायका रांगेनं बसल्या होत्या. माझी जट सांगणारी ती हीच, आता म्हातारी झाली आहे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओळखलं नाही. माझी मान तिनं वाकवली, आणि मी तिला आठवतसुद्धा नव्हते. तिनं पोरीची गाठ चाचपली आणि तेच शब्द त्याच क्रमानं म्हणाली. भंडाऱ्याच्या ताटाकडं तिचा हात गेला, तशी मी पोरीला ओढून माझ्या गुडघ्यांत बसवलं आणि गाठीवर तेल ओतलं.

"फणी ठिव ती," म्हातारी म्हणाली. "देवी कोपंल."

मी खालच्या टोकापासून सुरुवात केली. भावजय माझं कोपर ओढत होती. रांगेतली एक जाडजूड बाई म्हणाली, "विंचरू द्या की. देवी आसंल तर फणीचं दात मोडतील."

दात मोडले नाहीत. पोरगी रडत होती, म्हणून मी केस मुळाशी घट्ट धरून ठेवले. एकेक बट सुटायला लागली, तशा उवा खाली पडल्या. "देवी एकटी न्हाय आली," तीच बाई म्हणाली, "लेकरंबाळं घिऊन आलीया." सगळ्या हसल्या. म्हातारी आधी ओरडत होती, मग नुसती पुटपुटायला लागली. मला घाई नव्हती. इतक्या सावकाश मी कुणाचेच केस विंचरले नसतील. तिला ते सगळं बसून बघावं लागलं, याचं मला फार बरं वाटलं.

वेणी घालून झाली. फणीतले केस काढून मी बोटाला गुंडाळले आणि तिच्यासमोर धरले. चारचौघींत होते, तरी बोलले.

"ही जट न्हवं, अक्का. गुंतवळ हाय."

तिनं माझ्या मानेकडं बघितलं. तेव्हा ओळखलं. हात जोडून म्हणाली, "झालं गेलं, लेकी. मनात धरू नगं."

गुंतवळ टाकताना बायका त्या केसांवर एकदा थुंकतात. मी दोनदा थुंकले आणि ती म्हातारीच्या भंडाऱ्याच्या ताटात टाकली. बारामतीच्या बाईंना हे आवडणार नाही, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

भावजयीनं नारळ पिशवीतून काढलाच नाही. बुधवारी भाची दोन वेण्या घालून शाळेत गेली. त्या नारळाची चटणी मी केली, चांगली झणझणीत.