फोन आला की उठायचं

भावोजींचा फोन आला तेव्हा दुपार होती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप मांडून मी ऑफिसचं काम करत होते. फोनवर ताईचं नाव दिसलं. तिचा फोन आता भावोजीच वापरतात हे ठाऊक असूनही वेडं मन क्षणभर हरखलंच. सवयीने मी खुर्ची मागे सारली, उठले आणि किचनपासून पुढच्या दारापर्यंत चालायला लागले. ‘वैशू,’ भावोजी म्हणाले आणि थांबले. मी चालतच होते. ‘वैशू, नंदा गेली गं.’ मी दारापर्यंत पोचले, वळले, परत किचनकडे निघाले... पुढे ते काय बोलले, मी काय विचारलं, काही आठवत नाही. फोन ठेवल्यावरही पाय थांबेनात, तेवढं आठवतं. संध्याकाळी माझा नवरा संजय लंडनहून आला आणि त्याने दंडाला धरून मला सोफ्यावर बसवलं. ती बसले ती बसलेच. तेव्हापासून येईल तो फोन मी बसून घेते. दोन महिने होत आले.

फोन बसून घेण्यात एवढं सांगण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण आमच्याकडे तो गुन्हा होता. फोन आला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत चालत राहायचं, हा माझ्या बहिणीचा, सुनंदाताईचा नियम. ती लग्न होऊन नागपूरहून कॉव्हेंट्रीला आली तेव्हा मी शाळेत होते. लोकांना वाटायचं, केवढी ही आरोग्याची जाण! खरं कारण थंडी. त्यांच्या रांगेतल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या टेरेस्ड घरात दिवसा हीटिंग लावायची चैन परवडत नव्हती, आणि नागपूरला फोन लावून एका जागी उभं राहिलं की हिचे पाय गारठायचे. म्हणून ही येरझाऱ्या घालायची. पुढे बिनवायरचा फोन आला तशी वरच्या मजल्यावर चालायला लागली. बेडरूमच्या दारापासून बाथरूमपर्यंत आणि परत. तिथे जिन्याच्या माथ्याशी, लँडिंगवर, लाकडी जमिनीची एक फळी सैल होती. पाय पडला की करकरायची. ताईशी बोलताना मधूनमधून ती फळी ऐकू यायची आणि आम्ही समजायचो, बाईसाहेब फिरतीवर आहेत.

थंडीची सवय नियम कधी झाली, तर बाबा गेल्यावर. बाबांना डायबेटिस होता आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. जेवण झालं की आरामखुर्ची, उठले की चहा, चहाबरोबर काहीतरी गोड, आणि कुणी टोकलं तर ‘आता या वयात मला शिकवू नका’. वय साठसुद्धा नव्हतं. त्याच खुर्चीत दुपारच्या जेवणानंतर ते गेले. काही वर्षांनी आई, डायबेटिसनेच किडन्या निकामी होऊन. तेराव्याला ताई मला म्हणाली, की आई-बाबांनी आपल्याला शेत नाही दिलं, घर नाही दिलं, हे एक दुखणं तेवढं दोघींच्या नावावर करून ठेवलंय. त्याचं काय करायचं ते आपण ठरवायचं. मी तेव्हा विशीतली. मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलतेय. पण ताई भरात वगैरे कधी बोलायची नाही.

पुढे मी आणि संजय नोकरीसाठी रीडिंगला आलो, आमची ईशा झाली, आणि चाळिशी ओलांडताच सर्जरीतल्या, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, नर्सने माझे रिपोर्ट समोर ठेवले. बाबांचं दुखणं माझ्या घरी आलं होतं. मी कार पार्कमध्ये गाडीत बसून ताईला फोन लावला आणि हमसून हमसून रडायला लागले. मला डोळ्यांसमोर ती आरामखुर्ची दिसत होती. ताईने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे फळी करकरत होती. मग तिने विचारलं, ‘बसली आहेस का?’ मी हो म्हटलं.

‘ऊठ आधी. मग रड.’

मला संताप आला. आपलं कुणी मेल्यासारखं आपण रडावं आणि समोरच्याने पीटीच्या बाईंसारखं बोलावं! पण मी उतरले. त्या कार पार्कला फेऱ्या मारत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत रडत राहिले. आणि खरं सांगते, चालताना माणसाला फार वेळ रडता येत नाही. श्वास पुरत नाही. हे तिला कसं कळलं होतं ते मी कधी विचारलं नाही. बाबा गेल्याचं तिला त्या थंड घरात एकटीला फोनवरच कळलं होतं, एवढं मला माहीत आहे.

तिचं शास्त्र एवढंच होतं. जिम नाही, पावडरी नाहीत, उपास नाहीत. ईशाने मावशीला पावलं मोजणारं घड्याळ दिलं, ते तिने भावोजींना देऊन टाकलं. म्हणाली, मोजायला लागलं की माणूस घड्याळाला फसवायला शिकतो. भावोजींनी ते शब्दशः खरं केलं. मॅच बघताना खुर्चीत बसून हात हलवायचे आणि संध्याकाळी आकडा दाखवून शाबासकी मागायचे. खाण्याचंही तसंच. आपल्या ताटाला डावी बाजू असते ती कोशिंबिरीची, तिथे आपण चमचाभर वाढतो आणि मध्ये भाताचा डोंगर करतो. ताईने जागा बदलून टाकल्या. डावीकडे डोंगर, मध्ये मूद. घरी केल नावाची इथली पालेभाजी आणली तर तिला पीठ पेरायची, बिटाचा पाला कधी टाकला नाही, फोलशिल रोडच्या देशी दुकानातून ज्वारीचं पीठ आणून भाकऱ्या थापायची. मैत्रिणी नावं ठेवायच्या, की इंग्लंडात येऊन ही भाकरी-पाला खाते. ही हसून दुसरी भाकरी त्यांच्याच ताटात टाकायची. कुणाला उपदेश केलेला मी ऐकला नाही. उपदेश फक्त मला, कारण मी तिची होते.

भावोजी मात्र तिच्या हाती कधी लागले नाहीत. कार फॅक्टरीतून रिटायर झालेला, भरल्या अंगाचा, फरसाणावर जीव असलेला माणूस. ताई डबा लपवायची, हे शोधायचे, आणि दोघांना त्यात मजा यायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. ईशाचे लाड करायचे आणि उरलेला वेळ एकमेकांशी भांडायचं. ती फळी दुरुस्त करा म्हणून ताईने किती वर्षं भुणभुण लावली असेल. भावोजींच्या हातात कसब होतं, अर्ध्या तासाचं काम. पण ते करायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, ‘खाली बसलो की तेवढंच कळतं गं, ही कुठे आहे ते.’

गेल्या वर्षी तिचं वजन उतरायला लागलं. आम्ही कौतुक केलं. होय, कौतुक केलं! मग पाठ दुखायला लागली, मग डोळे पिवळे झाले, आणि मग ते नाव आलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. इन्सुलिन बनवणाऱ्या ज्या अवयवाला जपण्यात तिने आयुष्य घालवलं, तोच. डॉक्टर म्हणाले, तब्येत इतकी चांगली ठेवली आहे, त्यामुळे उपचार सोसतील. आम्ही त्या वाक्याला धरून बसलो. तिने सोसलेही. काही उपयोग झाला नाही.

शेवटी शेवटी जिना चढवेना तेव्हा खाली पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आणवला आणि फोनमधली फळी बंद झाली. मला ती शांतता सहन होईना. मी काहीबाही बोलत राहायचे. एक दिवस ताईच म्हणाली, ‘मला नाही चालता येत आता. तू चाल. टाचेची चप्पल घाल, मला ऐकू आलं पाहिजे.’ मग रोज मी आमच्या लाकडी फ्लोअरवर टकटक करत चालायचे आणि ती पडून ऐकायची. बोलायची नाही. मधेच मी थकून उभी राहिले तर अगदी बारीक आवाजात विचारायची, ‘का गं थांबलीस?’

शेवटच्या भेटीत शेवटच्या दिवसांत वेदना कमी करायला येणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमची नर्स मला पॅसेजमध्ये घेऊन गेली आणि मायेने म्हणाली, आता त्यांना काय हवं ते खाऊ द्या. इतकी वर्षं पथ्य पाळलेल्या माझ्या बहिणीला आता सगळ्याची मुभा होती. त्या एका वाक्याने मला कळलं, की संपलं. भावोजी कोट चढवून गेले आणि जिलब्या घेऊन आले. गरम होत्या. ताईने एक तुकडा जिभेवर ठेवला, बराच वेळ ठेवला, मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘फार गोड आहे गं.’ भावोजींनी तो तुकडा रुमालात घेतला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तो पुडा कुणीच खाल्ला नाही.

क्रिमेटोरियमनंतर हॉलमध्ये चहा होता. एक बाई, ताईच्या ओळखीच्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘इतकं सांभाळून राहिली बिचारी, काय मिळालं?’ वाईट मनाने नाही म्हणाल्या. पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसून रीडिंगला आला आणि घरातच राहिला. काय मिळालं? बाबांनी काहीच पाळलं नाही, ते गेले. ताईने सगळं पाळलं, तीही गेली, आणि किती हाल होऊन. मग मी कशासाठी उठू? कोशिंबीर कुणासाठी चिरू? ताट समोर येतं, मी भात चिवडते. किंवा रात्रीचं जेवण सोडून बिस्किटांचा पुडा संपवते. गोळ्या घेतल्या तर घेते. संजय कोशिंबीर स्वतः करतो, जाड जाड चिरून, आणि माझ्या डाव्या हाताला ठेवतो. मी तशीच परत ठेवते. सर्जरीतून रिव्ह्यूसाठी बोलावणं येतं, ते मी टाळते. आतून एक भीती आहे आणि तिच्याखाली, लाज वाटते लिहायला, पण आहे, एक इच्छा आहे, की होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

ईशा ग्लासगोला असते. तिकडेच शिकली, तिकडेच नोकरी करते. तिचं मराठी मोडकंतोडकं, पण मावशीशी ती मराठीतच बोलायची. गेल्या आठवड्यात फोनवर आधी तिच्या ऑफिसचं काहीतरी सांगत होती. मग म्हणाली, ‘आई, तू बसली आहेस. आय कॅन हिअर इट. तुझी आवाज खाली पडलाय.’ मी म्हटलं, दमलेय. ‘आजोबा, मग आजी, मग मावशी... ऑनेस्टली, मला पुढचं नाव नको ऐकायला.’ आणि ती रडायला लागली. तिला म्हणायचे शब्द मला माहीत होते. जिभेवर आले होते. पण स्वतः खुर्चीत रुतून बसून मुलीला ते कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि भावोजी. त्यांना मी रोज संध्याकाळी फोन करते. मागे टीव्ही चालू असतो. ताईचा पलंग परत गेला, त्या जागी त्यांनी आपली खुर्ची ओढून घेतलीय आणि तिथेच झोपतात. ती गेल्यापासून वर गेलेले नाहीत. कपडे शेजारच्यांनी आणून दिले. जेवलात का विचारलं की ‘टोस्ट खाल्ला’ म्हणतात. फरसाणाचा डबा ताईने शेवटचा लपवला होता, तो त्यांनी शोधलासुद्धा नाही. मला त्यांच्या आवाजात बाबांची आरामखुर्ची ऐकू येते. मी इकडे बसलेली, ते तिकडे बसलेले, आणि आम्ही दोघं एकमेकांना ‘जरा तब्येतीकडे बघा’ म्हणून सांगतो. ताईने ऐकलं असतं तर दोघांनाही झोडपलं असतं.

परवाही तसाच फोन लावला. टीव्हीचा आवाज नव्हता. मी जेवणाचं विचारलं, तर म्हणाले, खिचडी केली, मुगाची. पचपचीत झाली. काकडी होती, ती कोशिंबिरीसाठी चोचवायला गेलो तर बोट कापून घेतलं. मी म्हटलं, अहो, सांभाळून. ते हं म्हणाले. त्यांना धाप लागल्यासारखी वाटत होती. मी घाबरून विचारणार, बरं वाटत नाहीये का, इतक्यात पलीकडून तो आवाज आला. करकर. मी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांचा श्वास, मग पुन्हा. करकर.

‘भावोजी,’ मी म्हटलं, ‘कुठे आहात?’

फळी आणखी एकदा वाजली.

‘खाली फार शांत वाटतं गं,’ ते म्हणाले.

मला रडू फुटणार होतं. मी खुर्चीचा हात धरला आणि आधी उठले.