कळ थांबली तेव्हा

माझ्या हाताला गुण आहे असं आजही कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो. युसूफ वडगावच्या आसपासच्या बायका सरकलेली बेंबी जागेवर आणायला सकाळी उपाशीपोटी माझ्याकडे यायच्या. बेंबीत अंगठा दाबायचा, धडधड कुठं लागते ते बघायचं आणि कोमट तेलानं चोळत ती मधोमध आणायची. सासूबाईंनी शिकवलं होतं. कुणाकडून काही घेत नव्हते, पण मिजास मात्र भरपूर होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. धाकटी जाऊ आदल्या संध्याकाळपासून बेंबीभोवती दुखतंय म्हणत होती. जेवली नाही, दोनदा उलटी झाली. सकाळपर्यंत कळ उजवीकडं खाली उतरली आणि ती कमरेत वाकून चालू लागली. दीर म्हणाले, "वैनी, अंबाजोगाईला नेऊ का?" मी त्यांना उडवून लावलं. घरात मी असताना दवाखाना कशाला? मला तो सरळ अपमान वाटला.

तिला गोधडीवर निजवलं आणि चोळायला घेतलं. दाबताना ती ओरडली, आणि हात उचलताना त्याहून मोठ्यानं ओरडली. असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिथंच थांबायला हवं होतं.

"बाई, नका हो. लई दुखायलंय."

"कावून रडायलीस लेकरावानी? बेंबी सरकलीय. जरा दम धर."

मी आणखी जोर लावला.

बाराच्या सुमारास तिचं दुखणं एकदम थांबलं. उठून बसली, चहा प्याली, माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. "बगा, झाली का न्हाई बरी?" मी दिरांना सुनावलं. शेजारणीलाही सांगून आले.

तीन वाजता ती थंडीनं कुडकुडायला लागली. अंग तापलेलं, पोट पाटासारखं टणक. साडीचा पदर पोटाला लागला तरी कळवळायची. सवयीनं मी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मला माझ्याच हातांची भीती वाटली.

अंबाजोगाईला नेताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती कण्हायची, आणि पुढं पुढं तर कण्हायचीही थांबली. तिच्या दोन्ही पोरी शाळेतून आल्या असतील, आई कुठाय म्हणून विचारत असतील. त्यांना मी काय सांगणार होते?

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "पोट चोळलंय का कुणी?"

दीर खाली बघत म्हणाले, "न्हाई." ते मला वाचवत होते. मी गप्प बसले असते तर निभावलंही असतं.

"चोळलंय," मी म्हणाले. "मीच. लई येळ."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अपेंडिक्स फुटलंय बहुतेक. फुटल्यावर थोडा वेळ दुखणं कमी होतं, माणसाला वाटतं बरं झालं. बेंबीजवळची कळ उजवीकडं खाली सरकली, उलटी झाली, ताप आला, चालता-खोकताना दुखणं वाढलं, की चोळायचं नाही, शेकायचं नाही, वाट बघायची नाही. लगेच घेऊन यायचं."

म्हणजे ती चहा पीत हसत होती तेव्हा आत विष पसरत होतं, आणि मी गल्लीत मिरवत होते.

"माझ्यामुळंच फुटलं का?"

"ते सांगता येत नाही. पण उशीर झाला, एवढं नक्की."

ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मी बाहेर फरशीवर बसून होते. दार उघडलं की उठून उभी राहायची. देवाचं नावसुद्धा धड घेता येईना, कारण मागायचं ते कुठल्या तोंडानं मागू?

ती वाचली. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा तिचा डोळा लागला होता. पांघरूण घसरलं होतं, म्हणून ते सारखं करायला वाकले. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि दोन्ही हात झटकन पोटावर आडवे धरले.

मग ओशाळली. "तसं न्हाई बाई," म्हणाली.

"असू दे गं," म्हणाले, आणि पांघरूण घालायला दिरांना आत बोलावलं.